डेस्कटॉप बिघडलाय? फॉर्मॅट मारायच्या आधी इथे विचारा

वाशिष्ठीकाठ

पावसाळा लागला की चिपळूणच्या माझ्या दुकानात डेस्कटॉपची रांग लागते. 'काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होता, आज चालूच होत नाही.' त्यातली कितीतरी मशीन्स दुकानापर्यंत उचलून आणायची गरजच नसते. रॅम काढून परत बसवली, एखादी केबल बदलली, मदरबोर्डवरचा सेल बदलला की चालू होतात. जीव तुटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. माझ्याकडे येईपर्यंत कुणीतरी विंडोज नव्याने टाकून दिलेलं असतं, घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं गेलेली असतात आणि मूळ बिघाड जिथल्या तिथे असतो.

बटण दाबल्यापासून कंपनीचा लोगो दिसेपर्यंत विंडोजचा काडीचाही संबंध नसतो. तोवर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) वीज देतो आणि मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर आहे का, रॅम लागतेय का, ग्राफिक्स आहे का. हे सगळं पार पडलं की मगच तो हार्ड डिस्ककडे वळतो. लोगोच येत नसेल तर फॉर्मॅट मारून काही साधत नाही.

म्हणून इथे विचारताना 'पीसी चालत नाही' एवढंच लिहू नका. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, की पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, की लोगोवर अडकतो, की विंडोज येतं आणि मग बंद पडतं? ही चारही दुखणी वेगळी आहेत. मशीन असेंबल्ड की ब्रँडेड, साधारण किती जुनं, आणि बिघडायच्या आधी काय घडलं तेही लिहा. लाईट गेली होती का, टेबल सरकवलं का, नवीन काही जोडलं का. टेबल सरकवताना अर्धवट निघालेली केबल हे फार नेहमीचं कारण आहे.

कॅबिनेट उघडणार असाल तर आधी भिंतीवरच्या सॉकेटमधून पिन काढा, मग पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. एसएमपीएसचा डबा मात्र कुणीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

निशिगंध

दादा, अगदी वेळेवर धागा काढलात. असेंबल्ड पीसी आहे, सात-आठ वर्षं जुना. बटण दाबलं की पंखा फिरतो, लाल-हिरवे दिवे लागतात, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'. मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरायचाय, तिची सगळी सर्टिफिकेटं त्यातच स्कॅन केलेली आहेत. इथल्या एकाने 'मदरबोर्ड गेला, नवीन घ्या' असं मशीन न उघडताच सांगितलं.

वाशिष्ठीकाठ

निशिगंधताई, सर्टिफिकेटं हार्ड डिस्कवर आहेत आणि तिथे अजून कुणी हात लावलेला नाही, तेव्हा काळजी सोडा. दोन गोष्टी बघून सांगा.

एक, मशीन चालू करून अर्धा मिनिट थांबा आणि कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत-विझत असेल तर बोर्ड जिवंत आहे आणि गडबड मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्सच्या बाजूला आहे. दिवा ढिम्म असेल तर बोर्ड तपासणीतच अडकलाय.

दोन, मॉनिटरची केबल मागे कुठे लावलीय? वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या आडव्या पट्टीत हवी, वर यूएसबीच्या शेजारी असलेल्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये नाही.

निशिगंध

नमलॉकचा दिवा अजिबात हलत नाही. वेगळं कार्ड नाही. बीप वगैरेही काही वाजत नाही.

वाशिष्ठीकाठ

मग पहिला संशय रॅमवर. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून-जुलैत हे सर्रास होतं. रॅमच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांच्यावर आणि स्लॉटमधल्या पिनांवर दमट हवेने बारीक थर धरतो आणि संपर्क तुटतो.

पिन काढून, वर लिहिल्याप्रमाणे बटण दाबून, कॅबिनेटची डावी बाजू उघडा. रॅमच्या दोन्ही टोकांचे पांढरे लॉक बाहेर ढकला, पट्टी वर येईल. ती कडांना धरा, सोनेरी भागाला बोट लावू नका. शाळेचं साधं पांढरं खोडरबर घ्या आणि सोनेरी पट्ट्यांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, दोन्ही बाजूंनी. रबराचा चुरा कोरड्या, मऊ ब्रशने झटका, तो स्लॉटमध्ये जाता कामा नये. स्लॉटमधली धूळही त्याच ब्रशने काढा. मग खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. दोन्हीकडचे लॉक 'टक्' आवाज करून बसले पाहिजेत. काही बोर्डांवर लॉक एकाच टोकाला असतं, तिथे दुसरं टोक जास्त जपून बघा, ते वर राहून जातं.

आणि महत्त्वाचं, दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावा. चालू झालं नाही तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी पट्टी. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर नेमकं कशाने चालू झालं ते कळत नाही.

खटपट्या

वाशिष्ठीकाठदादांच्या सांगण्यात थोडी भर. हल्ली बोर्डाबरोबर बीप वाजवणारा छोटा स्पीकर देत नाहीत. बाजारात तो अगदी स्वस्तात मिळतो, बोर्डावर 'स्पीकर' लिहिलेल्या चार पिनांवर बसतो. लावला की बोर्ड स्वतःच बोलतो. थांबून थांबून एकसारखे लांब बीप आले तर बहुतेक वेळा रॅम. एक लांब आणि दोन-तीन आखूड आले तर बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्स. कंपनीप्रमाणे खुणा बदलतात, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेत पडताळून घ्या. नवीन बोर्डांवर 'सीपीयू', 'डीरॅम', 'व्हीजीए', 'बूट' अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो दिवा लागून राहील तिथे गाडी अडलीय.

निशिगंध

चालू झाला!! पहिली पट्टी लावल्यावर काही नाही, दोन्ही स्लॉटमध्ये करून पाहिलं. दुसरी लावली आणि लोगो आला. खोडरबर मुलीच्या कंपासमधलंच होतं. आता ४ जीबीवर चालतोय, फॉर्म भरतोय.

वाशिष्ठीकाठ

वा, फार बरं वाटलं. दोन्ही स्लॉट तपासून झाले, म्हणजे पहिली पट्टीच गेलीय, बोर्ड ठणठणीत आहे. फॉर्म भरून झाला की सर्टिफिकेटं पेनड्राईव्हवर घ्या. नवीन पट्टी घेताना जुनीवरचं लेबल दाखवा, डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या प्रकारांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही.

केंद्रचालक

नमस्कार. लातूर जिल्ह्यात सेवा केंद्र चालवतो. रोज सकाळी मशीन चालू केलं की तारीख २००९ची दाखवतं आणि एकही सरकारी वेबसाईट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. तारीख हाताने बदलली की दिवसभर सुरळीत. रात्री मेन स्विच बंद करून जातो. लोक दाखल्यासाठी सकाळपासून रांगेत उभे असतात, तेवढ्यात हे.

वाशिष्ठीकाठ

सेल संपला. बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मेन स्विच बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या (बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंग्ज त्याच्यावर टिकतात. मल्टिमीटर असेल तर मोजा, २.७च्या खाली असेल तर बदलाच. वेबसाईट न उघडण्याचं कारणही हेच: प्रत्येक वेबसाईटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमच्या मशीनच्या मते आज २००९ आहे, म्हणजे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही.

सेल काढायच्या आधी मात्र बायोसमध्ये जा (चालू करताना डिलीट किंवा एफ२) आणि सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. विशेषतः 'साटा मोड' (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ती सेटिंग) आणि बूटची पानं.

केंद्रचालक

दादा, फोटोचं वाचायच्या आधीच शेजारच्या मोबाईलवाल्याने सेल बदलून दिला. तारीख आता टिकते, पण विंडोज येतच नाही. निळी स्क्रीन, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', मग रिस्टार्ट, परत तेच. तो म्हणतो हार्ड डिस्क उडाली.

वाशिष्ठीकाठ

डिस्क उडालेली नाही, फॉर्मॅट करू देऊ नका. सेल काढल्यावर बायोस मूळ सेटिंगवर गेला. तुमचं विंडोज बहुधा 'एएचसीआय' मोडमध्ये टाकलेलं होतं आणि बोर्डाची मूळ सेटिंग 'आयडीई' आहे. विंडोज चालू होताना एका प्रकारच्या कंट्रोलरची अपेक्षा करतं आणि समोर दुसराच येतो, म्हणून त्याला स्वतःची डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये साटा मोड शोधा, 'आयडीई' असेल तर 'एएचसीआय' करा, एफ१० दाबून सेव्ह करा. 'एएचसीआय'च असेल तर उलटं करून बघा. दोन्हींनी काही पुसलं जात नाही.

केंद्रचालक

आलं विंडोज. सगळं जसंच्या तसं आहे. तुमचे उपकार कसे फेडू!

कृष्णाकाठचा वायरमन

उत्तम धागा. मी सांगलीकडे वायरिंगची कामं करतो, म्हणून विजेबद्दल लिहितो. डेस्कटॉपच्या तक्रारींचं मूळ कितीदा तरी भिंतीत असतं.

'कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात' ही तक्रार फार ठिकाणी ऐकतो. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग चांगलं असेल तर तो बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे साधारण ११५, तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे नुसत्या मुंग्या येतात, पण हेच व्होल्टेज प्रिंटर, राउटर, पेनड्राईव्ह जोडताना त्यांच्या पोर्टांतून वाट काढतं. एका घरी यूएसबी पोर्ट सारखे जात होते, ते या कारणाने.

तपासायला मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थही जवळपास तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज ते अर्थ बरंच कमी आलं तर अर्थिंग गेलंय. हे मोजमाप सवय असलेल्यानेच करावं.

आणि हात जोडून सांगतो, सॉकेटच्या मागे न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला जंप मारून देणाऱ्याला घरात घेऊ नका. तात्पुरत्या मुंग्या थांबतात, पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. घरात लहान मुलं असतात. खड्डा घेऊन, रॉड किंवा प्लेट टाकून नीट अर्थिंग करून घ्या आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) बसवा.

माळरान

वायरमनदादा, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. लाईट गेली की दिवे-पंखे चालू राहतात, पण पीसी रिस्टार्ट होतो. बॅटरी नवीनच आहे. दरवेळी उघडलेली एक्सेल शीट जाते.

कृष्णाकाठचा वायरमन

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' (काहींवर 'इको') असा स्विच बघा, तुमचा नॉर्मलवर असणार. लाईट गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो तेवढा वेळ एसएमपीएस आपल्या कपॅसिटरवर तग धरतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर १६-१७ मिलिसेकंद धरतो, स्वस्तातला त्याहून कमी. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर लवकर पलटी मारतो. तोटा एवढाच की या मोडमध्ये तो व्होल्टेजबाबत कडक असतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज १८०च्या खाली जात असेल तर तो पुन्हा पुन्हा बॅटरीवर जाईल. अशा ठिकाणी पीसीला वेगळा छोटा यूपीएस लावलेला बरा. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलायची असते.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. विजेचा विषय निघालाच आहे तर, इथून कुणी जुना डेस्कटॉप भारतात नेणार असेल तर त्याने एसएमपीएसच्या मागचा छोटा लाल स्विच बघावा. बऱ्याच जुन्या एसएमपीएसवर तो असतो, ११५ आणि २३० असे आकडे दिसतात. इथे तो ११५वर असतो. तसाच पुण्यात नेऊन लावला तर बटण दाबायच्याही आधी आतले कपॅसिटर फुटतात. नवीन एसएमपीएस १०० ते २४० आपोआप सांभाळतात, त्यांच्यावर स्विच नसतो, लेबलवर तसं लिहिलेलं असतं.

दुसरं, आईबाबांचा पीसी मी इथून दुरुस्त करतो. विंडोजमध्येच 'क्विक असिस्ट' आहे. मी माझ्याकडे कोड तयार करतो, बाबा तो त्यांच्याकडे टाकतात आणि त्यांची स्क्रीन मला दिसते. पण बाबांना एक नियम घालून दिलाय: कोड फक्त मी फोन केला तरच टाकायचा. कुणी अनोळखी माणूस 'कंपनीतून बोलतोय' म्हणाला तर फोन ठेवायचा.

सदाफुली

हा नियम फार चांगला आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या स्क्रीनवर मोठ्या आवाजात 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' असं आलं होतं. त्या थरथरत होत्या. ते नुसतं ब्राउझरचं पान होतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, संपलं. परत उघडताना 'आधीची पानं उघडू का' विचारलं तर नाही म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. पैसे गेलेच तर एक क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

गुरुजी_अंबाजोगाई

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. माझ्या संगणकावर विंडोज १० आहे, प्रोसेसर आय५ चौथ्या पिढीचा, रॅम ८ जीबी. सुरू व्हायला खूप वेळ लागतो, आणि काम करता करता मधेच अर्धा-एक मिनिट सगळं गोठतं, पुन्हा आपोआप सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते. गावाच्या इतिहासाचं लेखन सगळं यात आहे, श्रीलिपीत टाईप केलेलं. नवीन संगणक घ्यावा असं मुलगा म्हणतो.

वाशिष्ठीकाठ

गुरुजी, आधी लेखनाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, पुढचं त्यानंतर. आज रात्रीच घ्या.

मग 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर टाका. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, ती यात दिसते. ०५, सी५ आणि सी७ या तीन ओळींतल्या शेवटच्या रकान्यातले आकडे कळवा.

गुरुजी_अंबाजोगाई

प्रत घेतली. रंग निळा, 'गुड' लिहिलंय. ०५ आणि सी५ला सगळी शून्यं. सी७ समोर बराच मोठा आकडा आहे.

वाशिष्ठीकाठ

छान बातमी आहे. ०५ म्हणजे डिस्कवरच्या खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी५ म्हणजे संशयास्पद जागा. दोन्ही शून्य, म्हणजे तबकडी चांगली आहे. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत माहितीची मोडतोड झाली, म्हणून परत पाठवावी लागली. हा दोष जवळपास नेहमी साटा केबलचा असतो. मधेच गोठणं त्यामुळेच. लॉक असलेली नवीन साटा केबल घाला आणि बोर्डावरचा पोर्टही बदला. सी७चा आकडा शून्यावर येणार नाही, तो आयुष्यभराची बेरीज आहे. तो वाढायचा थांबला की काम झालं.

सुरू व्हायला वेळ लागतो तो वेगळा मुद्दा. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी चारेक मिलिसेकंद लागतात, शिवाय डोकं सरकायला आणखी. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाईली मागतं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, तिथे हाच वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. तुमच्या मशीनला साधी अडीच इंची साटा एसएसडी घाला, आहे ते विंडोज क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने तसंच त्यावर उचलून नेता येतं. जुनी डिस्क डी ड्राईव्ह म्हणून राहू द्या. आय५ चौथी पिढी लेखनासाठी अजून उत्तम आहे, ते भंगारात घालू नका.

झटपट

एवढं सगळं करण्यापेक्षा फॉर्मॅट मारून मोकळं व्हावं असं माझं मत आहे. विंडोज नवीन टाकलं की मशीन पळतं. तासाभराचं काम.

खटपट्या

झटपट, काही वेळा ते बरोबर असतं. व्हायरस खोलवर शिरला असेल किंवा वर्षानुवर्षांचा कचरा साचला असेल तर मीही तेच करतो. पण गुरुजींच्या मशीनवर ते केलं असतं तर केबल तीच राहिली असती, गोठणंही तेच. शिवाय फॉर्मॅटमध्ये जे जातं त्याची यादी कुणी करत नाही. श्रीलिपी, शिवाजी, किरण, डीव्हीबी-टीटी सुरेख असे जुने फॉन्ट फॉर्मॅटबरोबर जातात. फाईल असते, पण उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कारण हे फॉन्ट युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. म्हणून विंडोज नवीन टाकायचंच असेल तर आधी 'विंडोज' फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' फोल्डर पूर्ण कॉपी करून ठेवा. छापखाने, ग्रंथालयं, पतसंस्था यांच्याकडे अशा फाईलींचे ढीग आहेत.

आणि फॉर्मॅटच्या आधी दोन आज्ञा चालवून बघा. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून आधी डीआयएसएमची 'रिस्टोअर हेल्थ' आणि मग 'एसएफसी स्कॅननाऊ'. विंडोजच्या मोडलेल्या फाईली त्या जागेवर दुरुस्त करतात, तुमच्या फाईलींना हात लावत नाहीत.

झटपट

फॉन्टचा मुद्दा पटला. आमच्या पतसंस्थेत नेमकं हेच झालं होतं, कुणाला कारण कळेना. आता फॉन्टचं फोल्डर आधी घेत जाईन.

गुरुजी_अंबाजोगाई

केबल बदलली, दोन दिवसांत एकदाही गोठलं नाही, आकडाही तेवढाच आहे. एसएसडी मागवतो. विंडोज १० बंद झालं म्हणतात, त्याचं काय करू?

खटपट्या

गुरुजी, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मशीन चालत राहतं, पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर मुदतवाढीची नोंदणी आहे, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्ज सिंक केल्या की फुकट होते, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, तुमचं मशीन त्यात बसत नाही.

विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली वापरायला हरकत नाही, मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासून असतो. अडचण श्रीलिपीची, ती विंडोजवरच चालते. म्हणून हाच काळ वापरा आणि लेखन युनिकोडमध्ये बदलून घ्या. फॉन्ट-कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार यांत चुका होतात, तेव्हा प्रत्येक पान डोळ्यांखालून घाला. मजकूर पाठवलात तर मी मदत करीन.

रात्रपाळी

गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की दहा-पंधरा मिनिटांत पीसी फाटकन बंद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं. इंटरनेटवर सगळे एसएमपीएस बदला म्हणतात.

वाशिष्ठीकाठ

४१चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं. आधी तापमान बघा, 'एचडब्ल्यूमॉनिटर' हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवून गेम चालवा. प्रोसेसर भराभर ९५-१००कडे गेला तर कूलर. इंटेलच्या डब्यातल्या गोल कूलरला प्लास्टिकचे चार खिळे असतात, त्यातला एखादा सुटलेला असतो आणि वरून दिसत नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूने चारही पूर्ण बाहेर आलेत का बघा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी पेस्ट पुसून वाटाण्याच्या निम्म्याएवढी नवीन लावा. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. तापमान ठीक असूनही बंद पडत असेल तर मग एसएमपीएस, आणि तो दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर चालवूनच ठरवा.

जलमय

आमच्या दुकानात परवा पाणी शिरलं. सीपीयू निम्मा बुडाला होता. आता उन्हात वाळवतोय. कधी चालू करून बघू? हिशेब सगळे त्यात आहेत.

वाशिष्ठीकाठ

चालू करू नका. कुणीही आग्रह केला तरी नाही.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर अशी मशीन्स खूप हाताळली. नुसत्या पाण्याने जेवढी गेली त्याहून जास्त घाईने बटण दाबल्यामुळे गेली. पुराचं पाणी म्हणजे गाळ, मीठ, सांडपाणी. वरून वाळलेलं दिसलं तरी चिपांच्या खाली ओल असते, वीज गेली की तिथे पिना जळतात आणि गंजतात.

बोर्डावरचा सेल लगेच काढा, तोही वीजच देतो. हार्ड डिस्क सोडवून घ्या. फिरत्या डिस्कच्या झाकणावर हवेसाठी एक बारीक भोक असतं, ती बुडाली असेल तर त्यातून पाणी आत गेलेलं असू शकतं. तशी असेल तर उन्हात किंवा तांदळात ठेवू नका. गाळ आतल्या तबकडीवर वाळून चिकटतो. ओली असतानाच घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेला द्या. जिथे 'क्लीन रूम' (धूळ नसलेली खास खोली) आहे तिथेच. ती पाण्याच्या रेषेच्या वर राहिली असेल तर वेगळी गोष्ट, दुसऱ्या चांगल्या मशीनला जोडून आधी कॉपी. डिस्क नेमकी कुठे बसवली होती?

जलमय

वरच्या कप्प्यात, डीव्हीडीच्या खाली. चिखलाची रेषा तिच्या बरीच खाली आहे. डिस्क कोरडी दिसते.

वाशिष्ठीकाठ

मग हिशेब वाचले समजा. यूएसबी-साटा केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. 'स्कॅन अँड फिक्स' किंवा 'फॉर्मॅट' विचारलं तर दोन्हीला नाही म्हणा. टक-टक आवाज आला तर ताबडतोब काढा, प्रत्येक सेकंदाला नुकसान वाढतं. आवाज नसेल तर हिशेबाचं फोल्डर आधी कॉपी करा, बाकीचं मागाहून.

बोर्ड आणि रॅम स्वच्छ पाण्याने धुऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून, पंख्याखाली नीट वाळवून वाचतात कधीकधी. एसएमपीएसवर वेळ घालवू नका, तो टाका. विमा असेल तर पंचनामा होईपर्यंत काही टाकू नका, चिखलाच्या रेषेसकट फोटो काढून ठेवा.

जलमय

जोडली. आवाज नाही. फोल्डर दिसतंय, कॉपी चालू आहे.

वाशिष्ठीकाठ

कॉपी झाली की दोन-तीन फाईली उघडून बघा, नुसती नावं दिसून भागत नाही. सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये जात असेल तर तोही घ्या. बोर्ड कुठल्या कंपनीचा आहे ते कळवा, उद्या दुकानात गेलो की त्याचं बघू.